अपिलाची सोय असलेला फराळ

प्रस्तावना लिहिण्याचा मान रूढीने त्या विषयातील अधिकारी व्यक्तीकडे जातो. माझ्याकडे तो आला आहे तो नेमक्या उलट कारणाने, हे आरंभीच नमूद करून ठेवणे बरे. महसूल खात्यात चौतीस वर्षे कलम घासून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या, आणि चहा व पिठले यांपलीकडे चुलीशी कसलाही व्यवहार न ठेवलेल्या गृहस्थाला सणासुदीच्या गोडधोडाविषयी चार शब्द लिहिण्याचा कोणता हक्क पोचतो, अशी शंका वाचकांच्या मनात येईल; ती माझ्याही मनात आली आणि मी ती लेखिकेजवळ बोलून दाखविली. लेखिका नात्याने माझ्या धाकट्या बहिणीची सून. तिने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, "मामा, यातली प्रत्येक कृती मी आधी तुमच्याकडून करवून घेतली आहे. तुम्हाला जमलं तेवढंच पुस्तकात ठेवलंय. मग प्रस्तावना दुसऱ्या कुणाकडे मागायला जाऊ?" या युक्तिवादात माझा गौरव किती आणि उपमर्द किती याचा हिशेब मी अद्याप केलेला नाही. पण येथे मी उभा आहे तो तज्ज्ञ म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून, एवढे त्यातून स्पष्ट होते.

पुस्तिका ज्यांना 'बेकिंग' येत नाही अशांकरिता आहे, असे तिच्या मूळ मसुद्यात म्हटले होते. हा शब्द मराठीत कसा आणावा यावर आमचा एक संपूर्ण रविवार खर्ची पडला. आपल्या भाषेत वांगे भाजतात, शेंगदाणे भाजतात, रवा भाजतात, भाकरी भाजतात, कुंभार मडकी भाजतो आणि भट्टीवाला पाव भाजतो. अग्नी खालून असो, चहूबाजूंनी असो की प्रत्यक्ष निखाऱ्यांत असो, क्रियापद आपले एकच. ज्याला भाजता येत नाही असा माणूस म्हटले तर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे केक फसलेली गृहिणी न येता शेंगदाणे करपवणारा माझ्यासारखा म्हातारा उभा राहील. भाषेने हा भेद केला नाही तो तिच्या दारिद्र्यामुळे नव्हे. चारही बाजूंनी बंद असलेली, आत पदार्थ ठेवून दार लावून घ्यावे अशी भट्टी महाराष्ट्रीय घराच्या स्वयंपाकघरात कधी नव्हतीच, आणि जी वस्तू घरात नाही तिच्याकरिता शब्द पाळून ठेवण्याइतकी आपली भाषा उधळी नाही.

घरात भट्टी नव्हती म्हणून भाजण्याची हौस नव्हती असे मात्र नाही. पालथ्या खापरावर मांडे भाजण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात मंडक येतात, आणि मुक्ताबाईला मांडे भाजण्याकरिता खापर मिळू नये अशी तजवीज विसोबांनी केली असता ज्ञानेश्वरांनी स्वतःची पाठ तापवून तिच्यावर मांडे भाजवून घेतले, ही कथा तर मराठी मुलाला अक्षरओळखीच्या आधीच ठाऊक होते. साधन नसलेल्या घरात सणाचे गोड कसे करावे या प्रश्नाचा इतका मूलगामी विचार अन्यत्र कोठे झाला असेल असे मला वाटत नाही. आम्हा सामान्यांना असली पाठ लाभलेली नसल्यामुळे आमचे मांडे मनातच राहिले, आणि भाजण्याच्या कामासाठी आम्ही बाहेरची भट्टी शोधली.

ती भट्टी म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेली बेकरी. नव्या पिढीला हे कदाचित सांगावे लागेल, की दिवाळीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत पुण्यासारख्या शहरांतून घरोघरच्या बायका मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप घेऊन, किंवा पीठ घरीच मळून डब्यात भरून, बेकरीच्या मागच्या दाराशी रांग लावीत; तेथे मोठाले काळे पत्रे मिळत, त्यांवर नानकटाईचे गोळे मांडावयाचे, पत्र्याच्या कोपऱ्यात नावाची चिठ्ठी खोचावयाची आणि आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्यांच्या पत्र्यांवर टीका करीत उभे राहावयाचे, अशी वहिवाट होती. नानकटाईतला 'नान' फारसी, बेकरीतला पाव पोर्तुगीज, बेकरीचा मालक बहुधा इराणी, आणि तरीही त्या रांगेइतकी अस्सल मराठी संस्था दुसरी नव्हती, कारण तिच्यात कोणीही कोणाच्या नानकटाईला पूर्णपणे चांगले म्हणत नसे.

याच रांगेत माझी पहिली आणि शेवटची भाजणीची परीक्षा झाली. पत्नी माहेरी बाळंतपणास गेलेली, आई अंथरुणाला खिळलेली, आणि दिवाळीत घरात नानकटाई नाही हे आईला खपण्यासारखे नव्हते. तेव्हा तिने अंथरुणावरून हुकूम सोडावेत आणि मी अंमलबजावणी करावी असे ठरले. 'तूप चांगले फेस,' असा हुकूम झाला. ऑक्टोबरचा उकाडा, आणि तूप डब्यात आधीच पाण्यासारखे पातळ झालेले. ते काय फेसावयाचे, असा विचार करून मी सरळ मैद्यावर ओतले आणि मळून मोकळा झालो. पत्र्यावर छत्तीस गोळे मांडले, सहा गुणिले सहा, जमाबंदीच्या तक्त्यासारखे ओळीत. भट्टीतून पत्रा बाहेर आला तेव्हा त्यावर नानकटाई एकच होती. ती पत्र्याच्या चारही कडांना जाऊन भिडली होती, आणि छत्तीस बदामांचे काप तिच्यावर शेताच्या बांधावरील दगडांसारखे बसले होते. रांगेत हशा पिकला. भट्टीवरील कामगाराने मात्र जराही न हसता उलथन्याने तिचे तुकडे करून माझ्या डब्यात भरले आणि पुढचा पत्रा आत लोटला. त्यात बेकरीचा काडीचाही दोष नव्हता. दोष कोठे होता ते मला पुढे चाळीस वर्षांनी लेखिकेकडून समजले: थिजलेले तूप साखरेबरोबर तळहाताने घोटले म्हणजे त्यात हवा कोंडली जाते, ते पांढरे व हलके होते आणि भट्टीत गोळ्याला काही काळ उभे धरते; वितळलेले तूप पहिल्या ऊबेसरशी पळत सुटते आणि सोबत पिठालाही घेऊन जाते.

हा प्रसंग मी करमणुकीकरिता सांगत नाही, किंवा केवळ करमणुकीकरिता सांगत नाही. या पुस्तिकेची सारी विचारसरणी त्या एका पत्र्यात आहे. भट्टीत गेलेला पदार्थ आणि अंतिम निकाल लागलेला खटला यांच्यात मला काही फरक दिसत नाही. दार लागले, की आत काय चालले आहे ते दिसत नाही. वास येतो तो बहुधा उशीर झाल्यावर येतो. चाखता येत नाही, ढवळता येत नाही, तूप जास्त झाले म्हणून मूठभर पीठ घालता येत नाही, आणि अधीरपणे दार उघडले तर अर्धवट फुगलेला केक मधोमध खचतो, म्हणजे पाहण्याचीसुद्धा शिक्षा आहे. माझ्यासारख्याला असल्या ठिकाणी न्याय मिळणे नाही. मला हवा तो पदार्थ असा, की ज्यात चूक झाली तर ती होत असतानाच समजावी आणि समजल्यावर दुरुस्त करता यावी. कायद्याच्या भाषेत, ज्यात खालच्या कोर्टाच्या निकालावर अपिलाची सोय असावी. लेखिकेने ही कसोटी माझ्याकडून घेतली, हा माझा या पुस्तिकेवरील एकमेव खरा हक्क. तिने शंभरावर पदार्थ या कसोटीला लावले आणि सत्तेचाळीस ठेवले.

गळालेल्यांत पहिला क्रमांक पाकाच्या लाडवांचा, आणि त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण पाक जमत नाही म्हणून स्वतःला जन्माचे नालायक ठरविलेली कितीतरी शहाणी माणसे माझ्या पाहण्यात आहेत. साखरेच्या पाण्याला जसजसे आटवावे तसतसा त्याचा उकळण्याचा अंश चढत जातो; ११० ते ११२ सेल्सिअस अंशांच्या सुमारास त्याची तार निघते आणि ११२ पासून ११६ पर्यंत पाण्यात टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी होते. तारेच्या अवस्थेत शंभर भागांत साखर सुमारे ८० भाग असते, गोळीच्या अवस्थेत सुमारे ८५. म्हणजे मऊ लाडू आणि भिंतीवर मारता येण्याजोगा लाडू यांच्यामध्ये पाच टक्के पाणी आणि चार-पाच अंश उष्णता एवढेच अंतर आहे. हे अंतर आपल्या आज्या तर्जनी आणि अंगठा यांच्या चिमटीत मोजीत, तेही उकळत्या पाकात बोट बुडवून, आणि त्याच वेळी पोराला शाळेची टोपी कोठे आहे ते सांगत. ज्यांना हे साधले नाही त्यांनी खंत करू नये. पाकातही अपील आहे, फक्त त्याची मुदत फार थोडी: पाक पुढे गेला आहे असे वाटले तर पाण्याचा हबका मारून तो मागे आणता येतो, पण रवा पडेपर्यंतच. रवा पडला की दरवाजा बंद.

अनारशांची गत त्याहून बिकट. तीन दिवस तांदूळ भिजवा, रोज पाणी बदला, सावलीत सुकवा, कुटा, गुळात मळून ठेवा, आणि एवढे सारे सोपस्कार यथासांग पार पाडल्यावर तुपात सोडलेला अनारसा हसावा! अनारसा 'हसला' म्हणजे जाळी पडण्याऐवजी त्याचे तुकडे होऊन तुपभर पसरले; हा वाक्प्रचार ज्या बाईच्या तोंडून प्रथम निघाला तिचा विनोद दुःखातून आलेला असला पाहिजे. चकलीचे मोहन जास्त झाले तर ती तेलात विरघळते, कमी झाले तर दात मागते. करंजीत सारण कमी भरले तर तिचा खुळखुळा होतो, जास्त भरले तर ती फुटते. हे तिन्ही पदार्थ पुस्तिकेत नाहीत. मी अनारशांकरिता रदबदली करून पाहिली. लेखिकेने ऐकून घेतली नाही.

आता अपिलाची सोय म्हणजे काय ते एका पदार्थावरून दाखवितो. बेसनाच्या लाडवांकरिता अर्धा किलो जाडसर बेसन, अडीचशे ग्रॅम तूप आणि चारशे ग्रॅम पिठीसाखर एवढेच साहित्य, वेलची इच्छेनुसार. जाड बुडाच्या कढईत तूप आणि बेसन एकत्र करून मंद आचेवर परतावयास बसावे. बसावे असेच म्हणतो, कारण हे काम चाळीस मिनिटांचे आहे आणि पुस्तिकेत त्या कृतीची पहिली ओळ 'स्टूल घ्या' अशी आहे. पहिली दहा मिनिटे बेसन ओल्या मातीसारखे जड लागते, कालथा रुतून बसतो, आणि हेच ते ठिकाण, जेथे नवखा माणूस घाबरून आणखी तूप ओततो व पुढे सपाट बसलेल्या लाडवांचा धनी होतो. ओतू नये. पिठातला ओलावा निघून जाऊ लागला, की पिठाने गिळून टाकल्यासारखे वाटलेले तूप आपोआप मोकळे होते. विसाव्या मिनिटाच्या आसपास कालथा अकस्मात हलका फिरू लागतो, आणि हातातील हा बदल इतका स्पष्ट असतो की मी पहिल्यांदा तो अनुभवला तेव्हा कढईत काहीतरी बिघडले असे समजून लेखिकेला फोन लावला होता. "मामा, हेच तर व्हायला हवं होतं," ती म्हणाली, "आता नाक उघडं ठेवा." नाकाचे काम खरोखरच त्यानंतर सुरू होते. कच्च्या डाळीचा उग्र वास प्रथम नाहीसा होतो, मग काही वेळ कसलाच वास येत नाही, आणि मग जो खमंग वास येतो तो शेजारच्या घरापर्यंत गेला की काम झाले. आमच्या जिन्यावर ही खूण विशेष भरवशाची आहे, कारण समोरच्या वहिनी दार उघडून विचारतातच. गॅस बंद करून दोन चमचे दुधाचा हबका मारला म्हणजे बेसन फसफसून वर येते आणि रवाळ होते. मिश्रण हाताला सोसवेल इतके निवल्याशिवाय मात्र साखर घालू नये, नाहीतर ती विरघळून सर्वांचा चिखल करते.

या सबंध प्रवासात किती ठिकाणी परतीची वाट आहे ते पाहावे. बेसन कच्चे राहिले आहे असे साखर घालण्यापूर्वी चाखून समजले, तर कढई पुन्हा आचेवर. लाडू वळताना फुटू लागले, तर चमचाभर कोमट तूप. वळलेले लाडू ताटात बसू लागले, तर थोडे बेसन कोरडे भाजून मिसळावे आणि पुन्हा वळावे. गोड कमी वाटले तर साखर हाताशी आहेच. फक्त करपलेल्या बेसनाला क्षमा नाही. परंतु मंद आच आणि स्टूल या दोन गोष्टी सोडल्या नाहीत तर तो गुन्हा घडण्याचा संभव कमी.

आपल्या पाककृतींच्या पुस्तकांनी हा विचार पूर्वी केला नव्हता, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. १८७५ मध्ये निघालेले रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' हे मराठीतील आरंभीचे पाकशास्त्रावरील पुस्तक, आणि ते एका पुरुषाने लिहिलेले आहे, हे मी आमच्या घरातील स्त्रीवर्गाला सवडीने ऐकवीत असतो. शेर, पावशेर, छटाक आणि तोळा यांच्या हिशेबात वाढलेल्या स्वयंपाकाला कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० मध्ये वाटी आणि चमचा ही मापे दिली, आणि ज्या मुलींना आईच्या हाताखाली शिकण्याची संधी मिळाली नव्हती अशा कित्येकींचे संसार त्या वाटीवर उभे राहिले. आमच्या घरातील प्रतीची पाने तेलाने इतकी पारदर्शक झाली आहेत की पुरणपोळी वाचताना मागच्या पानावरील गुळपोळी दिसते. परंतु माप मिळाले तरी 'खरपूस होईपर्यंत', 'मावेल तेवढे पाणी', 'अंदाजाने मीठ' हे शब्द राहिलेच. अंदाज हा वास्तविक शेकडो सुनावण्यांतून तयार झालेला निष्कर्ष असतो. नवख्याच्या हाती तो नुसता हुकूम होऊन येतो, त्यामागची कारणे दफ्तरातच राहतात. लेखिकेने प्रत्येक कृतीखाली 'खूण' आणि 'चुकले तर' असे दोन रकाने दिले आहेत, आणि या दुसऱ्या रकान्यासाठी ही पुस्तिका विकत घ्यावी अशी माझी शिफारस आहे. वाटीच्या बाबतीतही तिने वाद ठेवलेला नाही: जिच्यात दीडशे मिलिलीटर पाणी राहते ती वाटी, आणि शेजारी ग्रॅम.

वस्तुतः ज्याला काही येत नाही अशा माणसाची सोय आपल्या सणांनी फार पूर्वीच करून ठेवली आहे, आणि ती आपल्या डोळ्यांसमोर असूनही तिला कोणी पाककला म्हणत नाही. रामनवमीचा सुंठवडा, गोकुळाष्टमीचा काला, पूजेचे पंचामृत यांना अग्नीचा स्पर्श जवळजवळ नाही. गणपतीच्या आरतीनंतर वाटतात त्या खिरापतीचे पंचखाद्य तर अक्षरओळख झालेल्या मुलालाही पाठ व्हावे असे: खोबरे, खारीक, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस, पाचही 'ख'चे. खोबरे किसून मंद भाजावे, खसखस भाजावी, खारकेची पूड करावी, एकत्र करावे, संपले. या पुस्तिकेतील पहिली कृती हीच आहे, आणि ती दहा वर्षांच्या मुलांनी करावी असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. पातळ पोह्यांचा चिवडाही याच जातीचा. पोहे मोठ्या आचेवर आकसतात, म्हणून ते उन्हात तापवून घ्यावेत आणि फोडणी निराळी करून वरून घालावी. चिवडा सादळला तरी घाबरण्याचे कारण नाही, कढईत पुन्हा जरा गरम केला की कुरकुरतो. चिवडा कितीदाही फेरतपासणीला उभा राहतो.

नाताळचा भाग पुस्तिकेत असावा की नसावा याविषयी आमच्यात मतभेद होता, आणि तो असावा या बाजूला मी होतो, कारण नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे मी सावंतवाडीच्या परिसरात काढली आणि डिसेंबरअखेर गोव्यातील परिचितांकडे माझे जाणे होत असे. नाताळ म्हटला की शहरी मराठी मनात केक येतो. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतून शेजाऱ्यांकडे जाणाऱ्या तबकात मात्र भट्टीवाचून केलेले कितीतरी पदार्थ असतात: आपल्या करंजीच्या सख्ख्या बहिणी असलेल्या नेवऱ्या, तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि गूळ यांचा काळसर तुकतुकीत दोदोल, पेरूच्या गराची वडी म्हणजे पेराद, आणि दोस. बेबिंक हा त्यांचा राजा; पण तो एकेक थर ओतून, झाकणावर निखारे ठेवून, वरच्या आचेने भाजावयाचा, आणि आधीचा थर झाल्याशिवाय पुढचा घालावयाचा नाही, असा दिवसभराचा मामला असल्यामुळे आम्ही त्याला दुरूनच मुजरा केला. दोस मात्र पुस्तिकेत आहे, आणि तो वाचताना मराठी वाचकाला आपण हे कोठेतरी पाहिले आहे असे वाटत राहील. हरभऱ्याची डाळ शिजवून वाटावी, साखर आणि ओल्या खोबऱ्याबरोबर आटवीत न्यावी, तूप सोडावे, कढईच्या कडा सुटल्या की तूप लावलेल्या पाटावर थापून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापावेत. पुरण घाटलेल्या कोणाही माणसाने निम्मा दोस केलेलाच आहे. सैल राहिला तर पुन्हा कढईत. मडगावच्या एका घरी मला तो पहिल्यांदा मिळाला तेव्हा यजमानीण बाईंना मी म्हटले, "हे तर आमचं पुरण!" त्या हसून म्हणाल्या, "आमचं म्हणा."

परदेशस्थांकरिता एक छोटे प्रकरण आहे, त्याचा उगम लेखिकेच्या न्यू जर्सीतील वहिनीच्या तक्रारींत आहे. तेथे प्रत्येक घरात भट्टी असते, आणि आमच्या मराठी मंडळींच्या घरी तिच्यात कढया, तवे आणि मोठी पातेली ठेवलेली असतात. ज्या वस्तूकरिता आम्ही बेकरीच्या मागच्या दाराशी रांगा लावल्या तिचे तिकडे भांड्यांचे कपाट झालेले पाहून मला गंमत वाटते. तेथील तयार पिठीसाखरेत मक्याचे पीठ मिसळलेले असते, त्यामुळे लाडवांची चव पिठूळ लागते. साखर घरीच मिक्सरवर दळावी. धुराच्या घंटेचे काय करावे याबाबत लेखिकेने दिलेला सल्ला मला कायदेशीर वाटला नाही, म्हणून मी तो काढावयास लावला.

माझी एक तक्रार नोंदवून ठेवतो. डब्यातील आटीव दूध ओतून करावयाच्या वड्या पुस्तिकेत दोनच आहेत. माझ्या मते त्याही नसत्या तर चालले असते. त्या चुकत नाहीत हे खरे. पण आंबा घाला, गुलकंद घाला, नारळ घाला, शेवटी जिभेला लागते ते डब्यातले दूधच, आणि न चुकणे हा पदार्थाचा एकमेव गुण असू नये. याउलट चुरलेल्या बिस्किटांच्या लाडवांना माझा आरंभी सक्त विरोध होता. तेव्हा लेखिकेने विचारले, की त्या छत्तीस नानकटायांच्या एका नानकटाईचे पुढे काय झाले? मला आठवून सांगावे लागले. आईने ते तुकडे खलबत्त्यात कुटावयास सांगितले, त्यात बिया काढलेला खजूर चमचाभर तुपावर मऊ करून घातला, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या पाण्याच्या हाताने लाडू वळले. दिवाळीत आलेल्या पाहुण्यांनी ते आवडीने खाल्ले, आणि कोणा एकीने कृती विचारली असता आईने 'आमच्याकडची पद्धत आहे' असे सांगितले. ती कृती पान अठ्ठावीसवर आहे.

हे लिहितो आहे तो दसऱ्याचा आदला दिवस. दुपारी दोन लिटर दुधाचे दही पंच्यात बांधून मोरीच्या नळाला टांगले आहे. उद्याचे श्रीखंड माझ्याकडे. श्रीखंडाइतका दयाळू पदार्थ या पुस्तिकेत दुसरा नाही: चक्का ओला वाटला तर पुन्हा टांगावा, गाठी राहिल्या तर पुन्हा पुरणयंत्रातून काढावा, साखर कमी पडली तर घालावी, जास्त झाली तर चक्का वाढवावा, दही मुळातच आंबट असले तर मात्र कोणतेही वरिष्ठ न्यायालय काही करू शकत नाही, म्हणून बांधण्यापूर्वी चाखावे. मी चाखले आहे. संध्याकाळपर्यंत खालच्या पातेल्यात थेंबांचा आवाज एकसारखा येत होता, मग तो मधूनमधून येऊ लागला, आणि हा परिच्छेद सुरू केल्यापासून मला एकदाच ऐकू आला आहे. तरी सकाळपर्यंत पंचा सोडावयाचा नाही, असे मला बजावण्यात आले आहे. तोवर पुरणयंत्राची बारीक जाळी कोणत्या डब्यात ठेवली आहे तेवढे शोधून ठेवतो.